अदृश्य इजेचा इतिहास : व्यावसायिक आइस हॉकी आणि मेंदूचा हादरा

१

क्रीडेचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः सामने, विक्रम, संघ आणि त्यांची अर्थव्यवस्था यांचा विचार करतो. खेळाडूच्या शरीराचा विचार तो क्वचितच करतो. आणि केला तरी मोडलेले हाड, फाटलेला स्नायू, रक्तस्राव अशा डोळ्यांना दिसणाऱ्या इजांपुरताच करतो. जी इजा दिसत नाही, जिचे क्ष-किरणाच्या छायाचित्रात चिन्ह उमटत नाही, आणि जिचा मुख्य साक्षीदार तो खेळाडू स्वतःच असतो, तिचा इतिहास कसा लिहावयाचा, हा प्रश्न प्रस्तुत लेखात उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीच्या उदाहरणाने तपासून पाहावयाचा आहे.

आपल्याकडील मैदानी हॉकीशी परिचय असलेल्या वाचकास प्रथम एक भेद सांगितला पाहिजे. आइस हॉकी भिंतींनी वेढलेल्या बर्फाच्या रिंकवर, पायांत स्केट घालून खेळली जाते. चेंडूऐवजी घट्ट रबराची चकती, म्हणजे ‘पक’, असते. आणि ज्याच्या ताब्यात पक आहे अशा प्रतिस्पर्ध्यास अंगाने धडक देऊन दूर करणे हा खेळाचा नियमसंमत भाग आहे. मैदानी हॉकीत जो अपराध ठरेल तो येथे कौशल्य मानला जातो. वेग, बर्फ, कठीण भिंत आणि धडक हे चार घटक एकत्र आले म्हणजे डोक्याला इजा होणे हा अपघात न राहता खेळाचा अपेक्षित परिणाम बनतो.

या इजेस इंग्रजीत ‘कन्कशन’ म्हणतात. आपण तिला मेंदूचा हादरा म्हणू. कवटीच्या आत द्रवाने वेढलेला मेंदू हा मऊ पदार्थ आहे. डोके एकाएकी गरकन फिरले की कवटी आधी फिरते आणि मेंदू मागे राहतो. त्यामुळे मेंदूच्या अंतर्भागात पीळ पडून मज्जातंतूंवर ताण येतो. ऑक्सफर्ड येथील भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ साली जिलेटिनच्या प्रतिकृतींच्या साहाय्याने हे तत्त्व मांडले. म्हणजेच कवटी न फुटताही मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे; कारण खेळाच्या व्यवस्थापकांनी पहिली साठ वर्षे कवटीचा विचार केला, मेंदूचा नव्हे.

२

नॅशनल हॉकी लीग ही संघटना १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झाली. डोक्याच्या इजेची तिच्या इतिहासातील पहिली मोठी घटना १२ डिसेंबर १९३३ रोजी बॉस्टन येथे घडली. बॉस्टनचा प्रख्यात बचावपटू एडी शोअर याने टोरंटोचा खेळाडू एस बेली यास मागून धडक दिली. बेलीचे डोके बर्फावर आदळून कवटी फुटली व मेंदूत रक्तस्राव झाला. लागोपाठ शस्त्रक्रिया झाल्याने त्याचे प्राण वाचले; परंतु १९२८-२९ च्या हंगामात सर्व लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळविणारा हा खेळाडू पुन्हा कधी व्यावसायिक सामन्यात उतरला नाही. शोअर यास सोळा सामन्यांची बंदी झाली. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी टोरंटो येथे बेलीच्या साहाय्यार्थ लीगमधील निवडक खेळाडूंचा एक सामना भरविण्यात आला व त्यातून वीस हजार डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. सामन्यापूर्वी बेलीने शोअरशी हस्तांदोलन केले, आणि प्रेक्षकांनी त्याचे प्रचंड स्वागत केले.

या प्रसंगाची स्मृती क्षमाशीलतेची कथा म्हणून जपली गेली, आणि ती तशी आहेही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तीत दुसरेही काही आहे. खेळाडूची उपजीविका गेली तेव्हा तिची भरपाई देणगीच्या सामन्याने झाली. ती भरपाई म्हणजे हक्क नव्हता, कृपा होती. बेलीने पुढे टोरंटो विद्यापीठाच्या संघास शिकविले आणि आपल्या जुन्या संघाच्या रिंकवर अनेक दशके वेळ नोंदविण्याचे काम केले. धडक देण्याच्या नियमात मात्र या घटनेमुळे मूलभूत बदल झाला नाही.

दुसरी घटना १९६८ ची. आदल्या वर्षी लीगमधील संघांची संख्या सहावरून बारा झाली होती, आणि त्यामुळे ज्यांना पूर्वी स्थान मिळाले नसते अशा अनेकांना संधी मिळाली. बिल मास्टरटन हा त्यांपैकीच एक. व्यावसायिक खेळ सोडून नोकरीत स्थिरावलेला हा सुशिक्षित तरुण मिनेसोटा संघाकडून खेळावयास परत आला, आणि त्या नव्या संघाचा पहिला गोल त्यानेच केला. १३ जानेवारी १९६८ रोजी ओकलंडविरुद्धच्या सामन्यात धडक बसून तो मागे पडला. डोके बर्फावर आदळले. १५ जानेवारीस वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. सामन्यातील इजेचा प्रत्यक्ष परिणाम म्हणून मृत्यू पावलेला या लीगचा तो एकमेव खेळाडू होय. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्या काळी ते फारच थोडे वापरीत, आणि वापरणाऱ्याच्या धैर्याविषयी शंका घेतली जाई.

मास्टरटनच्या नावाने त्याच वर्षी एक पारितोषिक सुरू झाले. शिरस्त्राणाची सक्ती व्हावयास मात्र आणखी अकरा वर्षे लागली. १९७९ मध्ये ती आली, तीही नव्याने करार करणाऱ्यांपुरतीच. जुन्या करारावर खेळणाऱ्यांना सूट होती, आणि शिरस्त्राणाविना खेळणारा अखेरचा खेळाडू क्रेग मॅकटॅव्हिश १९९७ साली निवृत्त झाला. ज्या सुधारणेची निकड एका मृत्यूने सिद्ध केली होती ती पूर्णपणे अमलात येण्यास अशा रीतीने एकोणतीस वर्षे लागली.

शिरस्त्राणाने कवटीचे फुटणे कमी होते, यात शंका नाही. परंतु होलबोर्न यांनी दाखविलेला पीळ ते थांबवीत नाही. डोक्यासमवेत तेही फिरते. शिरस्त्राण आले तेव्हा प्रश्न सुटला अशी समजूत झाली. वस्तुतः प्रश्नाचा केवळ दृश्य भाग सुटला होता.

३

अदृश्य भाग कागदोपत्री आला तो १९९० नंतरच्या दशकात, आणि तो आला नामांकित खेळाडूंच्या द्वारे. पूर्वी असे हादरे बसत नव्हते असे नाही. ‘घंटा वाजली’ असे म्हणून खेळाडू बाकावर क्षणभर बसे आणि पुन्हा बर्फावर उतरे. नोंद होत नसे, म्हणून इजा नसे. १९९० पूर्वीच्या खेळाडूंच्या कारकीर्दींचे आकडे वाचताना अभ्यासकाने हे विसरता कामा नये. एखाद्याचा खेळ तिशीच्या आत एकाएकी उतरला, यामागे वय, आळस की हादरा, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

ब्रेट लिंड्रॉस या न्यूयॉर्क आयलंडर्सच्या खेळाडूने मे १९९६ मध्ये वारंवार बसलेल्या हादऱ्यांमुळे निवृत्ती पत्करली. त्याचे वय होते वीस, आणि तो खेळला होता एकूण ५१ सामने. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला बफलोचा कर्णधार पॅट लाफाँटेन यास जबर धडक बसली. तो काही सामने खेळत राहिला. नंतर डोकेदुखी व खिन्नता यांनी ग्रासला गेला. बरे वाटू लागल्यावर त्यास पुन्हा खेळावयाचे होते, परंतु बफलो संघ त्यास खेळविण्यास तयार नव्हता; अखेर तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. मार्च १९९८ मध्ये स्वतःच्याच संघातील सहकाऱ्याशी टक्कर होऊन त्यास पुन्हा हादरा बसला आणि ८६५ सामने व १,०१३ गुणांवर त्याची कारकीर्द संपली.

ब्रेटचा थोरला भाऊ एरिक लिंड्रॉस याची कथा नेमकी उलट दिशेने जाते. उंच, बलदंड आणि आपल्या पिढीतील सर्वांत गुणी मानला गेलेला हा फिलाडेल्फियाचा कर्णधार. हादऱ्यानंतर आपणास योग्य वेळी थांबविले गेले नाही, अशा आशयाची जाहीर टीका त्याने संघाच्या वैद्यकीय व्यवस्थेवर केली, आणि मार्च २००० मध्ये त्याचे कर्णधारपद काढून घेण्यात आले. त्यानंतर २६ मे २००० रोजी न्यू जर्सीचा बचावपटू स्कॉट स्टीव्हन्स याच्या धडकेने तो बर्फावर निश्चेष्ट पडला. ती धडक त्या काळच्या नियमांनुसार वैध होती. तिला दंड झाला नाही. पुढचा सबंध हंगाम एरिक खेळला नाही. त्यानंतर तो इतर संघांकडून खेळला, पण पूर्वीचा एरिक पुन्हा दिसला नाही. २००७ साली तो निवृत्त झाला; हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्यास २०१६ मध्ये स्थान मिळाले.

लाफाँटेन आणि लिंड्रॉस ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की एक प्रश्न स्पष्ट होतो. पहिल्यात खेळाडू ‘मी बरा आहे’ म्हणतो आणि संघास ते मान्य नाही. दुसऱ्यात खेळाडू ‘मला इजा झाली आहे’ म्हणतो आणि संघाशी त्याचे बिनसते. इजा आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? मोडलेल्या हाडाविषयी असा वाद होत नाही, कारण छायाचित्र तेथे निवाडा देते. मेंदूच्या हादऱ्यात साक्षीदार खेळाडू आहे, आणि तोच हितसंबंधीही आहे. खरे सांगावे तर संघातील जागा जाते; खोटे सांगावे तर कदाचित आयुष्य जाते. पाच-सात वर्षांच्या कारकीर्दीवर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असलेला तरुण यांपैकी काय निवडील, हे सांगण्यास मानसशास्त्र लागत नाही.

आणि ज्याची धडक वैध ठरली त्या स्कॉट स्टीव्हन्सचे पुढे काय झाले? २००३ च्या अंतिम फेऱ्यांत पकचा तडाखा त्याच्या डोक्यास बसला; पुढील हंगामात हादऱ्याच्या लक्षणांनी त्यास खेळ थांबवावा लागला, आणि २००५ मध्ये तोही निवृत्त झाला. धडक देणारा व घेणारा असे दोन वर्ग या इतिहासात कायम वेगळे राहत नाहीत.

या काळात व्यवस्थाही हलली. १९९७ मध्ये लीग व खेळाडूंची संघटना यांनी मिळून प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती, अवधान इत्यादींची हंगामापूर्वी चाचणी घेण्यास आरंभ केला. हादऱ्यानंतर पुन्हा चाचणी घेऊन दोहोंची तुलना करावयाची, अशी ही योजना. २००१ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या सहभागाने या विषयावरील पहिली जागतिक परिषद भरली. मार्च २०१० मध्ये बॉस्टनच्या मार्क सव्हार्डला बाजूने येऊन डोक्यावर बसलेली धडक नियमबाह्य नव्हती, म्हणून धडक देणाऱ्यास शिक्षा करता आली नाही. या प्रकरणानंतर तशा धडकेस बंदी करणारा नियम झाला व पुढच्याच वर्षी तो अधिक व्यापक करण्यात आला. सव्हार्ड जानेवारी २०११ नंतर पुन्हा खेळू शकला नाही. मार्च २०११ पासून संशयित खेळाडूस बाकावर न तपासता शांत खोलीत नेऊन डॉक्टरांनी तपासावे असे ठरले. २०१६ पासून सामन्यावर दुरून लक्ष ठेवणारे निरीक्षक खेळाडूस बाहेर काढण्याचा आदेश देऊ लागले. साक्षीदार व हितसंबंधी एकच असू नये, हे तत्त्व अशा रीतीने ऐंशी वर्षांनी मान्य झाले.

४

दुसऱ्या प्रकारचा पुरावा शवचिकित्सेतून आला. अमेरिकेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच मुष्टियोद्ध्यांमधील मेंदूच्या विकाराचे वर्णन केले होते. परंतु तो मुष्टियुद्धाचा विषय समजून इतर खेळांनी बाजूस ठेवला. २००५ मध्ये डॉक्टर बेनेट ओमालू व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’ हा विकार आढळल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र पालटले. या विकारात टाऊ नामक प्रथिन मेंदूच्या पेशींत विशिष्ट रीतीने साचते. निश्चित निदान मृत्यूनंतरच करता येते, हे त्याचे वैशिष्ट्य आणि त्याची शोकांतिकाही.

२००९ मध्ये मृत्यू पावलेला रेजी फ्लेमिंग हा या लीगमधील असा विकार आढळलेला पहिला खेळाडू. त्यानंतर बॉब प्रोबर्ट आणि मे २०११ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू पावलेला डेरेक बूगार्ड. हे तिघेही मारामारीसाठी प्रसिद्ध होते. प्रतिपक्षास धाक बसविण्यासाठी मुष्टियुद्ध करणारा ‘एन्फोर्सर’ हा या खेळातील एक मान्य पेशाच होता. त्यामुळे आरंभी असा निष्कर्ष काढणे सोपे होते की, हा विकार हाणामारीचा आहे, हॉकीचा नव्हे. परंतु रिक मार्टिन हा मारामारी न करणारा, गोल करणारा खेळाडू. त्याच्याही मेंदूत तो आढळला. शिरस्त्राण वापरणाऱ्या आरंभीच्या प्रसिद्ध खेळाडूंपैकी एक, शिकागोचा स्टॅन मिकिटा, २०१८ मध्ये निवर्तला; त्याच्याही मेंदूत विकाराची पुढची अवस्था दिसली. ‘केवळ मारामारी’ आणि ‘केवळ शिरस्त्राणाचा अभाव’ या दोन्ही सोप्या उत्तरांना येथे बाध येतो.

तथापि सावधगिरीचा इशारा देणारी उदाहरणेही आहेत. माजी एन्फोर्सर टॉड ईवन याने २०१५ मध्ये आत्महत्या केली. आपणास हा विकार झाला आहे अशी त्याची समजूत होती. पहिल्या परीक्षणात तो आढळला नाही, आणि त्या निष्कर्षाचा वादात उपयोगही झाला. पुढे दुसऱ्या तज्ज्ञांनी फेरतपासणी केली तेव्हा तो आढळला. एकाच मेंदूचे दोन निष्कर्ष निघू शकतात, हे पुराव्याची चिकित्सा करणाऱ्याने लक्षात ठेवावे. तसेच, मेंदू दान करणारी कुटुंबे बहुधा लक्षणे पाहिलेलीच असतात. म्हणून पेढीतील प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ७७ आइस हॉकीपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४२ मध्ये विकार होता. यातील प्रमाणापेक्षा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे : खेळाच्या प्रत्येक वाढत्या वर्षागणिक विकाराची संभाव्यता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढत गेली. निवडीतील दोष एकूण प्रमाण फुगवू शकतो. वर्षांगणिक चढत जाणारी ही श्रेणी केवळ त्या दोषाने समजावणे कठीण आहे.

५

तिसरा पुरावा न्यायालयातील. नोव्हेंबर २०१३ मध्ये दहा माजी खेळाडूंनी लीगविरुद्ध दावा दाखल केला : धोका माहीत असूनही तो आम्हांस सांगितला नाही, असा त्यांचा मुख्य आरोप. पुढे असे अनेक दावे मिनेसोटातील संघराज्य न्यायालयात एकत्र करण्यात आले. जुलै २०१८ मध्ये सर्व माजी खेळाडूंचा एक समूह मानण्यास न्यायालयाने नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. एकूण रक्कम १ कोटी ८९ लाख डॉलर, दावेदार ३१८, प्रत्येकी सुमारे २२ हजार डॉलर, शिवाय चाचण्या व उपचारांची तरतूद. लीगने कोणतीही जबाबदारी मान्य केली नाही. अमेरिकन फुटबॉलच्या लीगने २०१३ मध्ये जाहीर केलेली तडजोड ७६ कोटी ५० लाख डॉलरची होती व ती पुढे वाढली, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे. मे २०१९ मध्ये कॅनडाच्या संसदीय उपसमितीपुढे साक्ष देताना लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी हॉकीतील आघात व हा विकार यांचा कार्यकारणसंबंध निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही, हीच भूमिका घेतली.

ही भूमिका तर्कशास्त्राच्या दृष्टीने पूर्णतः निराधार नाही. शवचिकित्सेच्या मर्यादा आपण वर पाहिल्याच. परंतु पुराव्याची जी कसोटी कारणसिद्धीसाठी योग्य असते तीच सावधगिरीसाठी लावणे हा तर्कदोष होय. १९३३ मध्ये बेलीची कवटी फुटल्याचे सिद्ध झाले होते. तरीही धडकेचा नियम बदलला नाही. सिद्धतेचा अभाव हे निष्क्रियतेचे कारण होते की निमित्त, हा प्रश्न म्हणूनच उरतो.

६

या तीन पुराव्यांचा एकत्र विचार केला असता एक क्रम दिसतो. पहिला पुरावा नामांकितांच्या कारकीर्दींतून आला, कारण लाफाँटेन अनुपस्थित असला की प्रेक्षागृहास ते जाणवे. दुसरा हाणामारी करणाऱ्यांच्या मृत्यूंतून आला, कारण त्यांची जीवने उघड्यावर उद्ध्वस्त झाली होती. तिसरा, म्हणजे सामान्य खेळाडूचा आवाज, सर्वांत शेवटी आला, आणि त्यास २२ हजार डॉलर मिळाले. ब्रेट लिंड्रॉसचे ५१ सामने आपणास ज्ञात आहेत, कारण तो एरिकचा भाऊ होता. ज्यांची नावे कोणाच्या भावाची नव्हती, जे दुय्यम लीगमध्ये दोन-चार हंगाम खेळून ‘वेग उरला नाही’ या शेऱ्यानिशी घरी गेले, त्यांच्या शेऱ्यामागे काय होते?

हादऱ्यांची संख्या खरोखर वाढली की केवळ त्यांची नोंद वाढली, या नेहमीच्या वादाचे उत्तरही येथेच शोधावे लागते. खेळाडू अधिक धिप्पाड व वेगवान झाले, अंगरक्षक साहित्य कठीण झाले, हे खरे. त्याच काळात निदानही सुधारले, हेही खरे. जुन्या काळात मोजणीच झाली नव्हती. म्हणून दोन काळांतील आकड्यांची वजाबाकी करणे शास्त्रीय ठरत नाही. मौनाचा अर्थ शून्य असा लावणे ही अभ्यासकाची चूक होईल.

अखेर एक उदाहरण आशेचे. सिडनी क्रॉस्बी यास जानेवारी २०११ मध्ये पाच दिवसांच्या आत दोन धडका बसल्या. लीगचा सर्वांत मोठा तारा असूनही तो सुमारे दहा महिने खेळला नाही. नोव्हेंबरमध्ये परतला, लक्षणे दिसताच पुन्हा थांबला, आणि मार्च २०१२ मध्ये पुन्हा उतरला. पुढे २०१६ व २०१७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पिट्सबर्गने स्टॅन्ली चषक जिंकला. थांबल्याने कारकीर्द संपतेच असे नाही, हे यावरून दिसते. मात्र थांबण्याची ही मुभा क्रॉस्बीला त्याच्या थोरवीने दिली होती. चौथ्या फळीतील, एका वर्षाच्या करारावरील खेळाडूस ती केवळ नियम देऊ शकतो. तो नियम कितपत पाळला जातो, यावरच या इतिहासाचे पुढील प्रकरण अवलंबून राहील.